चार खिसे, दोन हात मोकळे

सफारी या कपड्याशी माझं काही वाकडं नव्हतं. घरमालक भेटले आणि वाकडं झालं.

मी सोलापुरात मुलींच्या एका कॉलेजात पोशाखांचा इतिहास आणि शिवण शिकवते. माहेर वैरागचं. नोकरी लागली तेव्हा रोजचा एसटीचा प्रवास झेपेना, म्हणून खोली बघत फिरत होते. एका गल्लीत माडीवर दोन खोल्या रिकाम्या होत्या. खाली मालक, मालकीणबाई आणि त्यांची लेक सुवर्णा. मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. भर एप्रिलची दुपार, आणि हे गृहस्थ स्वतःच्या घरात, पंख्याखाली, चारी खिशांची बटणं लावून बिस्किटी रंगाच्या सफारीत बसलेले. मला वाटलं कुठं बाहेर निघालेत. नंतर कळलं, ते कुठंच निघालेले नसतात.

लग्न झालंय का, मटण-मासे करता का, पाहुणेरावळे किती येतात, असलं काहीच त्यांनी विचारलं नाही. विचारलं एवढंच, "शिकवता काय?"

"पोशाखांचा इतिहास."

झालं. गृहस्थ उठले, माझ्याकडं पाठ केली आणि म्हणाले, "सांगा बरं मग. पाठीवरची ही घडी कशासाठी?"

"हात पुढं ताणला की कापड उलगडावं म्हणून."

"हात कशाला ताणायचा?"

"बंदूक धरायला. शिकाऱ्यांचा कपडा होता ना तो."

ते गर्रकन वळले आणि आत बघून ओरडले, "अगं ए, चहा टाक. भाडेकरू मिळाली!"

भाडेकरू कसली, त्यांना श्रोता मिळाला होता.

मी त्यांना काका म्हणायची. गल्ली त्यांना 'सफारी' म्हणायची. बिस्किटी, राखाडी, आकाशी, आणि लग्नाकार्याला एक बाटलीसारखी हिरवी. सगळ्या अर्ध्या बाहीच्या, सगळ्या टेरिकॉटच्या, सगळ्यांच्या खांद्यावर पट्ट्या. उन्हाळ्यात आमच्याकडं कावळे चोच उघडी टाकून बसतात, तेव्हा काकांच्या पाठीवर घामाचा हा एवढा नकाशा उमटलेला असायचा आणि ते आपले ताठ. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, हा कपडा काढलाच मुळी उन्हासाठी. मूळची सफारी सुती. घाम टिपणारी, हवा खेळणारी. तुम्ही प्लॅस्टिक घालून बसलाय."

"सुतीला इस्त्री राहत नाही."

"जंगलात इस्त्री कोण बघतंय?"

"मी जंगलात राहतो का?"

भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंत तरी आपली बाजू घेते.

पाण्याच्या दिवशी तर माझा जीव मेटाकुटीला यायचा. चार-पाच दिवसांतून एकदा नळ यायचा. मोटर लावल्याशिवाय माडीवर थेंब चढायचा नाही, आणि मोटरीच्या खोलीची किल्ली काकांच्या सफारीच्या खालच्या उजव्या खिशात. घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा तिथंच. काकूंच्या हातीसुद्धा तो कधी दिला नाही. मी बादल्या मांडून जिन्यात उभी राहायची आणि हाका मारायची, "काका, पाणी आलं!"

"आलो, आलो. काल काय सांगत होतो?"

"काही नाही. मोटर."

"हां, तर गोरे सोल्जर. त्यांना आपल्या उन्हात लाल लोकरीचा कोट. माणूस करपणार की! मग आली खाकी. खाक म्हणजे धूळ. धुळीत बसलं तर धूळच दिसावी. तिथनं आफ्रिकेत गेला कपडा. चार खिसे झाले. वर दोन, खाली दोन, काडतुसं मावतील एवढे. मग पॅरिसच्या शिंप्यांनी उचलला, बायकांना घातला, मासिकात छापला. मग आला आपल्याकडं, साहेब लोकांत."

"काका, पाणी जाईल."

"जाऊ दे की, येतंय परत. कमरेला पट्टा का होता सांग."

मी पट्ट्याचं उत्तर द्यायची तेव्हा किल्ली बाहेर यायची. हे असं वर्षानुवर्षं चाललं. पोरींना मी वर्गात सफारी शिकवायची तेव्हा माझ्या हाताला आपोआप बादलीची कडी जाणवायची.

बरं, सगळं खरंच सांगत होते असंही नाही. पहिली सफारी ज्या कापडाची झाली ते कापड सोलापूरच्या मिलमध्ये विणलं होतं, असं ते छातीठोकपणे सांगायचे.

"कुठं वाचलंत काका?"

"वाचायचं काय त्यात? माझे वडील मिलमध्ये होते."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही म्हणून तरी कुठं सांगितलं?"

खिशांचा तर स्वतंत्र अध्याय होता. वरच्या डाव्या खिशात चष्मा. वरच्या उजव्यात पेन आणि कंगवा. खालच्या डाव्यात बडीशेपेची डबी. खालच्या उजव्यात किल्ल्या. यात तसूभर बदल नाही. अंधारात उठवलं तरी हात बरोबर तिथंच. "जागच्या जागी," असं म्हणून ते एकेका खिशावर थाप मारायचे आणि वर एक वचन ऐकवायचे, "चार खिसे असले की माणसाचे दोन हात मोकळे राहतात. माणूस ओळखावा तो मोकळ्या हातांवरून." मी काय करायची? हातात दोन बादल्या घेऊन ऐकायची.

हे वेड कुठून आलं, ते काकूंनी सांगितलं. काकू शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या, आणि चटणी कुटताना त्या नवऱ्याबद्दल मोकळेपणानं बोलत. म्हणाल्या, "हे आधी कारकून होते की. हापिसात सायब लोक तेवढे सफारीत. पँट-शर्टाला शिपाई खुर्चीवरनं हलत नसे, सफारीला ताडकन उठायचा. यांना बढती मिळाली त्या दिवशी यांनी पहिली सफारी शिवली आणि घालून घरी आले. सासरे बाजेवर बसले होते. मिलमध्ये धुरळ्यानं नजर अधू झालेली. दारात सफारी दिसली आणि म्हातारा उठून हात जोडून उभा राहिला. त्यांना वाटलं कुणी सायबच आलाय."

"मग?"

"मग काय. दोघंबी रडले. तवापासनं अंगावरनं काढली नाही म्हणा ना."

मी त्या दिवशी ठरवलं की यापुढं काकांवर चिडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी होतं. ठरवलेलं सगळं वाहून गेलं.

खरी अडचण होती सुवर्णाची. पोर गुणी. करमाळ्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, सुट्टीला घरी यायची. तिशी ओलांडली होती आणि स्थळं मोडत होती, आणि बहुतेक स्थळं मोडायला बापाचा कपडा कारण. एका मुलाचा बाप जीन घालून आला, तर काकांनी चहा येईपर्यंत त्याला खाणकामगारांचा कपडा व्याहीभोजनाला कसा चालत नाही ते समजावलं. तो चहा न घेताच गेला. दुसऱ्यानं स्वतःहून सफारी घातली होती बिचाऱ्यानं, तर काकांनी तिचा खालचा खिसा नुसता दिखाऊ आहे हे सगळ्यांसमोर बोट घालून दाखवलं.

आणि मग सुवर्णानंच आपल्या शाळेतला एक मास्तर पसंत केला. मुलाची आई नव्हती, वडील करमाळ्याकडंच गावी शेती बघत होते. आधी साखर कारखान्यात नोकरीला होते म्हणे. सुपारीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं माडीवर आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ताई, या वेळी बाबांना तेवढं आवरा."

"मी? मी कोण गं आवरणारी? मला तर ते पाणी देत नाहीत."

"ते तुमचंच ऐकतात. कपड्याच्या बाबतीत तरी. हे मोडलं ना ताई, तर मी पुन्हा कुणासमोर पोह्यांची बशी घेऊन जायची नाही. मला हाच माणूस पाहिजे."

मी हो म्हटलं. म्हणजे मीच स्वतःला सुळावर दिलं.

सुपारीला पाव्हणे आले, म्हणजे मुलाचे वडील. उंच, काटक, पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी. बोलणं मोजकं. काका सदऱ्याकडं बघत होते, मी काकांकडं बघत होते. पण नवल झालं. काका कपड्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. उलट पाव्हण्यांना कडकडून मिठी मारली. पान झालं, परत मिठी. सुपारी फुटली, परत मिठी. पाव्हणे गोंधळले, तरी प्रेम समजून हसले. मी मनात म्हटलं, चला, माणूस सुधारला.

तिसऱ्या मिठीनंतर काका तसेच्या तसे, दोन्ही हातांचा गोल धरलेला, स्वयंपाकघरात आले. त्या गोलात आता कुणीच नव्हतं.

"मोज लवकर."

"काय मोजू?"

"छाती! सैल व्हायच्या आत मोज. टेप काकूच्या मशीनवर आहे."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा मी हातातलं ताट खाली ठेवलं. यांना व्याह्यासाठी सफारी शिवायची होती!

आमच्याकडं रीत अशी की व्याह्यांनी एकमेकांना पोशाख द्यायचा आणि अक्षता पडताना तो अंगावर घालून मुलामुलीच्या मागं उभं राहायचं. हल्ली कोण शिवून देतंय? सफारीचं कापड देतात, पीस म्हणतात त्याला. तो खांद्यावर टाकायचा, वर टॉवेल-टोपी, फोटो काढायचा आणि संपलं. तो पीस पुढं दुसऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून जातो, तिथनं तिसऱ्याच्या. काकूंच्या ट्रंकेत असे ढीगभर पीस होते. त्यातला एक तर त्यांनी स्वतःच दिलेला, गावभर फिरून परत त्यांच्याच घरी आलेला. कडेच्या चहाच्या डागावरनं त्यांनी ओळखला. काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, पीस द्या आणि सुटा. तेबी पुढं कुणाला देतील."

काका कडाडले, "पीस देणं म्हणजे पाव्हण्याला जेवायला बोलवायचं आणि हातावर कच्चे तांदूळ ठेवायचे! माझ्या लेकीचा सासरा आहे. शिवून देणार. पांढरी देणार. मंत्र्यासारखा दिसला पाहिजे मांडवात."

आणि शिवणार कोण? मीच, आणखी कोण! कॉलेज सुटलं की मशीनवर मी आणि मानेशी काका. खांद्याची पट्टी अशी नको, तशी. खिशाला घडी खोटी नको, खरी. झाकणाचं बटण आतून शिव. मी एकच अट घातली, कापड सुतीच. त्यावरनं भांडण झालं, आणि शेवटी अर्धं सूत असलेल्या कापडावर तह झाला. खोटं कशाला बोलू, सफारी सुरेख झाली. मिठीवरनं घेतलेलं माप, पण कॉलेजातल्या शिवणाच्या पुतळ्यावर चढवली तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, या म्हाताऱ्याच्या वेडानं निदान एक काम तरी चांगलं झालं.

लग्न मंगल कार्यालयात, दुपारचा मुहूर्त. सकाळी मानपानाला दोन्हीकडची मंडळी बसली. काका हिरव्या सफारीत. त्यांनी खोका पाव्हण्यांच्या मांडीवर ठेवला आणि स्वतःच झाकण काढलं.

पाव्हण्यांनी बघितलं. खांद्याच्या पट्टीला एक बोट लावलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणी सांगितलं तुमाला?" ते म्हणाले.

"सांगायचं काय? माप मी स्वतः घेतलं. घाला की. अंगावर बसती का बघू."

"बसल की. न बसाया काय झालं." त्यांनी झाकण परत लावलं. "उभी हयात ह्येच घातलंय म्या. कारखान्याच्या चेरमनच्या गाडीवर डायवर हुतो. पांढरी सफारी, चार खिसं, खांद्यावर पट्ट्या. उन्हात गाडीभवती हुबं ऱ्हायाचं. सायबाच्या चपला ह्याच कापडात उचलल्यात म्या. कामावरनं सुटलो त्या दिशी घरी जाऊन ती सफारी बैलाच्या पाठीवर टाकली. बैलानं सुदिक झाडून टाकली." मग त्यांचा आवाज चढला. "आन आज पोराच्या लग्नात, समद्या गावासमोर, मला परत डायवर करून हुबा करताय व्हय?"

खोका खाली ठेवून ते उठले आणि बाहेर वऱ्हाडाच्या गाडीत जाऊन बसले. त्यांच्यामागं त्यांचं निम्मं गावही उठलं.

मुलाला हे सगळं ठाऊक होतं, पण वडिलांनी घराबाहेर बोलायची बंदी केली होती, म्हणून तोही सगळीकडं 'कारखान्यात होते' एवढंच सांगत आला. आता इकडं आड तिकडं विहीर. पीस दिला असता तर खांद्यावर टाकून भागलं असतं, मागाहून बैलाला घाला नाहीतर खिडकीला लावा. शिवलेला पोशाख मात्र मांडवात घालावाच लागतो. घातला तर त्यांचा अपमान, नाही घातला तर आमचा. सुवर्णा हळदीच्या हातांनी खोलीच्या दारात उभी होती. तिनं बापाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते.

"काका, जा आणि पाया पडा त्यांच्या," मी म्हटलं. "आणि तोंडातनं सफारी हा शब्द काढलात ना, तर बघा."

मी खोका घेऊन मागोमाग गेले. काका गाडीत चढले, पाव्हण्यांच्या समोरच्या बाकावर बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "त्याचं असं आहे पाव्हणे, सफारी हा मुळात शिकाऱ्याचा कपडा."

माझ्या हातात खोका होता म्हणून काका वाचले. मांडवात लेकीचं लग्न मोडतंय आणि हा माणूस आफ्रिकेत निघाला! मी दंडाला चिमटा काढला, तरी थांबेनात. गोरे सोल्जर झाले, खाकी झाली, चार खिसे झाले, काडतुसं झाली.

पाव्हणे सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "आन शिकाऱ्याची बंदूक मागनं कोण घेऊन चालायचं?"

"बंदूक? त्याला एक वेगळा गडी असायचा."

"त्यो काय घालायचा?"

काका थांबले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना सफारीच्या गोष्टीत अडखळलेलं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही कधी वर्गात हे शिकवलं नव्हतं.

"ते काही... माझ्या ऐकण्यात नाही," काका म्हणाले.

मग काका अगदी वेगळ्याच, लहान आवाजात म्हणाले, "या कपड्याला माझे वडील उठून उभे राहिले होते हो. हात जोडून."

"ऱ्हाणारच की," पाव्हणे म्हणाले. त्यांच्या आवाजातला राग गेला होता. "आमीबी ऱ्हायचो."

काकांनी मान खाली घातली. स्वतःच्या खिशांकडं बघत राहिले. त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली की चिमटा काढलेला दंड मीच चोळला.

"पाव्हणे," ते म्हणाले, "तुमच्याजवळ आणखी एक जोड आहे का? सदरा-पायजम्याचा?"

"हाय. पर इस्त्री न्हाय."

"नसू दे. रीतीनं तुम्ही मला पोशाख द्यायचा ना? द्या. मी तो घालतो. माझा तुम्ही घालू नका. गावानं बघायचं तर मला बघू दे."

पाव्हण्यांनी पिशवीतनं जोड काढला. मी खाली उतरून गाडीकडं पाठ केली. थोड्या वेळानं काका उतरले, आणि मला हसावं की रडावं कळेना. पाव्हणे उंच, काका बुटके आणि पोटाळ. सदरा गुडघ्याखाली आणि पोटावर तटतटलेला, पायजमा नाडीनं छातीपर्यंत वर घेतलेला, त्यामुळं खाली आखूड. काकू धावत आल्या आणि जागीच थबकल्या.

"अगं बाई! तुमाला घोटे आहेत होय?"

पाव्हणे खो-खो हसले. हसतच उतरले आणि काकांच्या खांद्यावर हात टाकून मांडवात गेले. मागनं त्यांचं गाव आत आलं. सुवर्णानं डोळे पुसले आणि काजळ गालभर केलं.

आता सुरळीत व्हावं की नाही? छे! सदऱ्याला एकच खिसा, तोही बाजूला, आणि त्याचा तळ उसवलेला. काकांनी चष्मा टाकला, चष्मा पायावर. डबी टाकली, डबी गडगडत भटजींपर्यंत. मी म्हटलं, "द्या सगळं माझ्याकडं."

"नको."

"किल्ल्या तरी द्या!"

"किल्ल्या मी कुणाला देत नाही, माहीत आहे तुला."

मग हा माणूस अख्ख्या लग्नात एका हातात चष्मा आणि कंगवा, दुसऱ्या हातात डबी, पेन आणि किल्ल्या घेऊन फिरला. अक्षता टाकायला हात नाही. पाव्हण्यारावळ्यांना नमस्कार करायला हात नाही. जेवताना सगळं मांडीवर. उठताना परत गोळा. मधनंच छातीवर थाप मारायचे, तिथं खिसा नसायचा, आणि पेन खाली पडायचं. मी ते उचलून उचलून वैतागले.

पाठवणीच्या वेळी सुवर्णा वाकली. बापाच्या पायावर डोकं टेकून उठली आणि समोर उभी राहिली. काकांनी हात वर उचलले. एका मुठीत चष्मा-कंगवा, दुसऱ्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा. हात तसेच अधांतरी. लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि मोकळा हातच नाही. ठेवायचं तरी कुठं सगळं? मी पुढं झाले, तोवर पाव्हणे माझ्याही पुढं गेले होते.

त्यांनी काकांच्या समोर ओंजळ धरली. "आना हिकडं."

काकांनी मुठी आणखी आवळल्या.

"सायबाचं सामान लई धरलं," पाव्हणे म्हणाले. "ते पोटासाठी. व्याह्याचं धरतोय, ते मनानं. आना."

काकांच्या मुठी उघडल्या. चष्मा, कंगवा, पेन, डबी, सगळं त्या ओंजळीत गेलं. शेवटी किल्ल्या. पाव्हण्यांनी ते एकेक करून आपल्या सदऱ्याच्या खिशात घातलं. मग काकांनी दोन्ही हात लेकीच्या डोक्यावर ठेवले आणि भर रस्त्यात, आखूड पायजम्यात, मोठ्यानं रडले. मी कुणाकुणाला आवरू? काकूंना धरलं होतं, आणि माझेच डोळे वाहत होते.

गाडी गेली. आम्ही रिक्षानं घरी आलो. काकांनी सवयीनं उजवीकडं खाली हात नेला, आणि नुसत्या कापडावर थापटत राहिले.

किल्ल्या करमाळ्याला निघाल्या होत्या.

दाराला कुलूप, फाटकाला कुलूप. काकू पैठणीत, मी शालूत, ऊन मी म्हणतंय. आणि त्या दिवशी पाण्याचा दिवस! अंगणातल्या नळातनं पाणी धो-धो वाहत होतं, आणि मोटरीची खोली बंद. माझा तोल सुटला. म्हटलं, "काका, आता हद्द झाली. फोन लावा त्यांना. अजून मोहोळपर्यंतसुद्धा गेले नसतील. गाडी थांबवा म्हणावं, आपण जाऊन किल्ल्या आणू."

काका फाटकाबाहेरच्या पायरीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, रिकामे.

"नको," ते म्हणाले. "लेकीची गाडी मागं बोलवू नये."

"अहो, पण किल्ल्या!"

"व्याह्याच्या खिशात आहेत की गं. जागच्या जागी आहेत."